टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत : १९७० च्या शेव्हेलची इंधनव्यवस्था

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे काम कोठून सुरू करावे, याबाबत जुन्या अमेरिकन गाड्यांच्या शौकिनांत दोन पंथ आहेत. पहिला पंथ नवी बॅटरी लावतो, कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, तोंडात थोडे पेट्रोल ओततो आणि इंजिन बोलते का ते आधी पाहतो. दुसरा पंथ इंजिनाला हात लावण्यापूर्वी टाकी उतरवतो. १९७० ची शेव्हेल एसएस ३९६, म्हणजे जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाच्या शेव्हेलची 'सुपर स्पोर्ट' आवृत्ती, माझ्याकडे आली तेव्हा मी दुसऱ्या पंथात गेले, आणि मला तिकडे नेले ते वासाने. या गाडीच्या मागच्या बंपरमधली नंबरप्लेट खाली ओढली की तिच्यामागे टाकीचे तोंड दिसते. त्यावरचे झाकण फिरवताच जो आंबूस, टर्पेंटाइनच्या जातीचा, डोळ्यांना झोंबणारा वास आला, त्याला पेट्रोलचा वास म्हणता आले नसते. पेट्रोलमधले हलके घटक केव्हाच उडून गेले होते आणि मागे उरलेला भाग हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन चिकट, तपकिरी रोगण होण्याच्या मार्गावर होता. असा द्रव एकदा पंपाने ओढून पुढे ढकलला, की तो जाईल तेथे थर चढवत जातो आणि वाटेत टाकीतला गंजही बरोबर नेतो. मग नवा कार्ब्युरेटर लावला तरी महिनाभरात तो पुन्हा खोलावा लागतो.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहते आणि वाहन उद्योगातच नोकरी करते. मात्र नोकरीतले माझे काम संगणकाच्या पडद्यावरचे आहे. हातात पाना धरायला मी शिकले ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, जेथे बाबांचा लेथचा छोटा कारखाना होता आणि दुरुस्तीला आलेल्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग सदैव पसरलेले असत. ही शेव्हेल मिशिगनमधल्याच एका शेतावरच्या कोठारात वीसेक वर्षे उभी होती. मूळ मालक वारले, मुलांना गाडीत रस नव्हता, आणि माझ्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांच्या ओळखीने ती माझ्याकडे आली. हे गृहस्थ तरुणपणी असेम्ब्ली लाइनवर कामाला होते, त्यामुळे त्यांचा सल्ला मला या कामात शेवटपर्यंत मिळाला. प्रत्येक सल्ला मी मानला असे मात्र नाही.

या गाडीची इंधनव्यवस्था समजून घ्यायची तर ती कोणत्या पेट्रोलसाठी बनली होती हे आधी पाहावे लागते. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे, ही 'मसल कार'ची मूळ कल्पना १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओने रूढ केली. जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांतल्या इंजिनांवर ४०० घनइंचांची मर्यादा घातली होती, ती १९७० च्या मॉडेलपासून उठवली. म्हणूनच त्या वर्षी शेव्हेलमध्ये ४५४ घनइंचांचे इंजिन आले. माझी गाडी त्याहून एक पायरी खालची आहे. तिच्यावर '३९६' असे लिहिलेले असले, तरी त्या वर्षीच्या इंजिनाचे खरे आकारमान ४०२ घनइंच, म्हणजे सुमारे ६.६ लिटर आहे. नाव विकले जात होते म्हणून आकडा जुनाच ठेवला. कंपनीने जाहीर केलेली शक्ती ३५० अश्वशक्ती आणि संपीडन गुणोत्तर, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते, १०.२५ ला १. एवढ्या संपीडनाला शिसेयुक्त, उच्च ऑक्टेनचे, म्हणजे दाबाखाली अकाली पेट न घेणारे, पेट्रोल लागे आणि ते तेव्हा प्रत्येक पंपावर मिळत असे. पुढच्याच वर्षी कमी शिशाच्या पेट्रोलची तयारी म्हणून जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांचे संपीडन उतरवले, आणि १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर अमेरिकेत पूर्ण बंदी आली. आजच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असते. १९७० च्या रबराने, चामड्याने आणि कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फेसाच्या तरंगीने इथेनॉल कधी पाहिलेच नव्हते.

यावरून कामाचे धोरण ठरले. धातूचे जे काही वाचवता येईल ते मूळचेच ठेवायचे, आणि जे मऊ आहे, म्हणजे रबरी नळ्या, पडदे, वॉशर, गॅसकेट, ते सगळे आजच्या पेट्रोलला टिकणारे घालायचे. शेजारच्या गृहस्थांना हे फारसे पटले नाही. त्यांचे म्हणणे, जुनी व्यवस्था काढून मागे विजेवर चालणारा पंप आणि पुढे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारे नवे फ्युएल इंजेक्शन बसवावे, म्हणजे कटकट संपते. त्यात तथ्य आहे, आणि रोज चालवण्याची गाडी असती तर मी तेच केले असते.

आधी टाकी रिकामी करायची होती. कामाची ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत धोक्याची. बॅटरीच्या तारा काढून ठेवल्या, गॅरेजचे दार पूर्ण उघडले आणि कोपऱ्यातल्या पाणी तापवायच्या गॅसच्या बंबाची बारीक ज्योत विझवली. अमेरिकन घरांत हा बंब बऱ्याचदा गॅरेजमध्येच असतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत नेमकी तिथवर पोहोचते. विजेचा कोणताही पंप न वापरता हातपंपाने टाकी उपसली. निघालेला तपकिरी द्रव बंद डब्यांत भरून काउंटीच्या घातक कचरा संकलनाच्या दिवशी नेऊन दिला. उपसून झालेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, हे येथे मुद्दाम सांगते: द्रव पेट्रोल जळायला आधी त्याची वाफ व्हावी लागते, आणि रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण तयारच असते. तिच्याजवळ वेल्डिंगची मशाल किंवा ग्राइंडर नेण्याचा विचारही करू नये.

टाकी डिकीच्या तळाखाली दोन पत्र्याच्या पट्ट्यांवर टांगलेली असते. गाडीचा मागचा भाग स्टँडवर घेतला, टाकीखाली प्लायवूडचा तुकडा ठेवून जॅक लावला आणि पट्ट्यांच्या गंजलेल्या बोल्टांना भेदक तेल पाजून रात्रभर ठेवले. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्याचा पहिला बळी गाडीची खालची बाजू असते, त्यामुळे बोल्ट तुटणार असे मी धरूनच चालले होते. एक तुटला, एक निघाला. टाकी चार बोटे खाली आली तेव्हा शेजारचे गृहस्थ, जे इतका वेळ खुर्चीत बसून कॉफी पीत होते, उठून म्हणाले, "आता हळू. वर कागद आहे का ते आधी बघा."

त्यांना अपेक्षित असलेला कागद म्हणजे गाडीचा बिल्ड शीट. कोणत्या गाडीला काय काय बसवायचे याची संगणकावर छापलेली यादी गाडीबरोबर लाइनवरून पुढे सरकत असे. काम संपले की कामगार ती फेकून देत, किंवा आसनाच्या स्प्रिंगांत, नाहीतर टाकीच्या डोक्यावर खोचून ठेवत. १९७० च्या शेव्हेलच्या बाबतीत या कागदाला फार महत्त्व आहे, कारण त्या वर्षीच्या वाहन क्रमांकावरून गाडी एसएस आहे की नाही हे कळतच नाही; आठ सिलिंडरच्या साध्या मालिबू कूपेचा, म्हणजे शेव्हेलच्याच साध्या दोनदारी आवृत्तीचा, आणि एसएसचा क्रमांक सारख्याच '१३६३७' या अंकांनी सुरू होतो. चिन्हे आणि बॉनेट बाजारात विकत मिळतात, त्यामुळे नकली एसएस भरपूर आहेत. टॉर्च घालून पाहिले तर टाकी आणि डिकीचा तळ यांच्या मधल्या फटीत घडी घातलेला कागद खरोखरच होता. उंदरांनी त्याचा एक कोपरा खाल्ला होता, उरलेला भाग जुन्या पापडासारखा कडक झाला होता. तो प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून सावकाश उलगडला. त्यावर गाडीचा क्रमांक जुळला, आणि पर्यायांच्या चौकटींपैकी वाचता येणाऱ्या एका चौकटीत 'झेड-२५' हा संकेत सापडला. एसएस ३९६ च्या पॅकेजचा संकेत तोच. गाडी अस्सल ठरली, आणि फ्युएल इंजेक्शनचा विषय शेजारच्या गृहस्थांनी त्यानंतर स्वतःहूनच बंद केला.

टाकी स्वतः मात्र वाचली नाही. या टाक्यांचा पोलादी पत्रा शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाने मढवलेला असे. तो लेप जेथे द्रव पेट्रोल असते तेथे चांगला टिकतो. पण अर्धी टाकी रिकामी राहिली की वरच्या भागात ओलावा धरतो आणि गंज वरून खाली उतरतो. आत डोकावल्यावर तळाशी गंजाचे पापुद्रे दिसत होते. अशा टाकीला तीन उपाय आहेत. रेडिएटरच्या दुकानात ती रसायनात उकळून घ्यायची. घरी आम्लाने धुऊन आतून सीलरचा लेप द्यायचा. किंवा नवी प्रतिकृती घ्यायची. पहिला उपाय उत्तम, पण रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि प्लास्टिकचे झाल्यापासून अशी दुकाने कमी होत चालली आहेत. दुसरा उपाय मला मान्य नाही. खाली गंजाचा कण जरी राहिला तरी सीलरचा लेप काही वर्षांनी पोपडे धरून सुटतो आणि तेच पोपडे टाकीतल्या जाळीवर जाऊन बसतात. गंज परवडला, तो निदान फिल्टरमध्ये अडकतो. सांध्याच्या शिवणीवर मागून दिवा धरला तेव्हा दोन ठिकाणी प्रकाश दिसला आणि प्रश्न मिटला. वीस गॅलनची, म्हणजे सुमारे ७५ लिटरची नवी टाकी मागवली. जुन्या पट्ट्या मात्र घासून, रंगवून पुन्हा वापरल्या, कारण नव्या पट्ट्यांचा पत्रा हातालाच पातळ लागत होता.

टाकीतला इंधनमापक, म्हणजे तरंगी लावलेला सेंडर, हा या कामातला सर्वांत उपेक्षित भाग आहे. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांत टाकी रिकामी असताना त्याचा रोध शून्य ओहम आणि भरलेली असताना ९० ओहम असतो. सेंडर अडकवणारी कडी पितळेच्या छिन्नीने ठोकून फिरवायची, कारण पितळेने ठिणगी उडत नाही. बाहेर काढून मल्टिमीटर लावला तर हात वरखाली करताना आकडा मध्येच तुटत होता: बारीक तारेच्या वेटोळ्यावर मळाचा थर होता. तो नरम ब्रशने आणि स्पिरिटने काढल्यावर आकडे सलग मिळू लागले. बाजारातले नवे सेंडर स्वस्त असतात, पण अर्ध्या टाकीला ते पाऊण टाकी दाखवतात अशी सार्वत्रिक तक्रार आहे. म्हणून मूळचाच ठेवला आणि फक्त तळाची जाळीची पिशवी आणि कडीखालचे वॉशर बदलले. टाकी वर चढवण्याआधीच त्याची पिवळसर तपकिरी तार जोडून, काळी तार गाडीच्या पत्र्याला लावून, डॅशबोर्डवरचा काटा नीट फिरतो का ते पाहून घेतले. ती काळी तार गंजलेल्या पत्र्यावर बसली तर काटा 'पूर्ण'च्याही पुढे जाऊन बसतो, आणि टाकी चढवल्यावर हे लक्षात आले तर सगळे पुन्हा उतरवावे लागते.

टाकीपासून पंपापर्यंत पाऊण इंचाच्या निम्म्या, म्हणजे तीन अष्टमांश इंच व्यासाची पोलादी नळी चौकटीच्या उजव्या बाजूने पुढे जाते. तिच्यात हवा फुंकली तर काहीच बाहेर आले नाही. मागच्या आसाच्या वरच्या कमानीत, जेथे मीठ आणि चिखल साठतो, ती बाहेरून खाल्ली गेली होती. येथे शौकिनांचा नेहमीचा वाद आहे: नवी नळी साध्या पोलादाची घ्यावी की स्टेनलेसची. स्टेनलेस गंजत नाही हे खरे, पण ते कडक असल्याने टोकाचा फुलोरा, म्हणजे रुंद केलेले तोंड, जोडणीच्या पितळी बैठकीवर सहजी बसत नाही, आणि एक सांधा पाझरू लागला तर तो घट्ट करता करता माणूस थकतो. मी मूळच्या जातीचे मुलामा दिलेले पोलाद निवडले. आधीच वळवून आलेली ती नळी बॉडी चौकटीवरून न उचलता आत सरकवणे हे दोघांचे काम आहे: एकाने मागून ढकलायचे, दुसऱ्याने पुढून दिशा द्यायची, आणि दोघांनीही संयम ठेवायचा. मूळ क्लिपा मिळाल्या तेथे त्याच लावल्या.

पोलादी नळीच्या दोन्ही टोकांना रबरी नळीचे छोटे तुकडे येतात, आणि जुन्या गाड्यांच्या इंजिनाला लागणाऱ्या आगींचे एक मोठे कारण हेच तुकडे असतात. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने आतून फुगते, मऊ होते आणि त्याचे काळे कण पुढे जातात. बाहेरून मात्र ते ठीक दिसते. नळीवर 'एसएई ३०आर७' हे मानक छापलेले असेल तर ती कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी चालते, पण मी '३०आर९' घेतली. ती फ्युएल इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेली असते आणि तिचे आतले अस्तर इथेनॉलला दाद देत नाही. फुटामागे दोन-तीन डॉलर जास्त पडतात, आणि या कामातला इतका स्वस्त विमा दुसरा नाही.

पंप इंजिनाच्या पुढच्या उजव्या अंगाला बसतो. कॅमशाफ्टवरचा उंचवटा ५.७५ इंच लांबीच्या एका दांड्याला ढकलतो, दांडा पंपाचा हात हलवतो आणि आतला पडदा पेट्रोल ओढतो. तो पडदा फाटला की पेट्रोल थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते, म्हणून जुन्या गाडीची डिपस्टिक हुंगून पाहणे हा वेडेपणा समजू नये. माझ्या ऑइलला पेट्रोलचा वास येत होता; ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले. पंप बदलताना सगळ्यांना छळणारी गोष्ट म्हणजे तो दांडा: पंप काढताच तो खाली घसरतो आणि नवा पंप बसू देत नाही. कोणी त्याला ग्रीस फासतात, कोणी करवतीच्या पात्याने टेकू देतात. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर दांड्याच्या भोकात उघडणारा एक छोटा बोल्ट असतो. तो काढून त्या जागी लांब बोल्ट हाताने हलकेच आवळला की दांडा वर धरून राहतो. काम झाल्यावर लांब बोल्ट आठवणीने काढायचा, नाहीतर इंजिन फिरताच दांडा किंवा कॅम यांपैकी एक जातो. नव्या पंपाचा दाब पुढे मोजला तो चौरस इंचाला सहा पौंडांच्या आसपास आला, आणि या कार्ब्युरेटरला त्याहून जास्त नकोच असतो.

आता कार्ब्युरेटर. माझ्या गाडीवर रॉचेस्टर बनावटीचा चार तोंडांचा क्वाड्राजेट आहे, आणि त्याच्या अंगावरचा क्रमांक ७०४० ने सुरू होतो, म्हणजे तो १९७० चाच. या कार्ब्युरेटरला अमेरिकेत चेष्टेने 'क्वाड्राजंक' म्हणतात, आणि हजारो लोकांनी तो काढून होली कंपनीचा कार्ब्युरेटर बसवला. माझ्या मते ही बदनामी त्याच्या वाट्याला मेकॅनिकांच्या घाईने आली. रचना म्हणून पाहिले तर तो फार शहाणा आहे. पुढची दोन तोंडे अवघ्या १⅜ इंचांची, त्यामुळे हलक्या पायाने चालवताना हवेचा वेग टिकतो आणि पेट्रोल नीट फुटते. मागची दोन २¼ इंचांची, जी पाय दाबल्यावरच उघडतात आणि तेव्हा मिनिटाला ७५० घनफूट हवा आत जाऊ शकते. मागच्या तोंडांवर हवेच्या ओढीनेच उघडणारी एक झडप असते आणि तिच्या कॅमवर टांगलेल्या दोन निमुळत्या सुया वर उचलल्या जातात, म्हणजे इंजिन जेवढी हवा मागेल तेवढेच पेट्रोल मिळते. बाबांना व्हिडिओ कॉलवर ती झडप बोटाने उघडून दाखवली तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अगं, हे ज्यानं केलंय त्यानं डोकं वापरलंय. तू फक्त त्याचं भोक मोठं करू नकोस."

हा उपदेश नेमका होता. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके, साफ करताना तार किंवा ड्रिल घालणाऱ्यांनीच हे कार्ब्युरेटर बिघडवले आहेत; भोकाचा व्यास किंचित वाढला की मिश्रण कायमचे बिघडते. खोलण्याचा क्रम असा ठेवला: आधी मागच्या सुयांची कडी एका छोट्या स्क्रूवरून काढली, मग चोकची आणि पंपाची जोडणी सोडवली, मग वरचे झाकण. झाकणाचे दोन स्क्रू चोकच्या पट्टीखाली, पुढच्या तोंडांत लपलेले असतात. ते न दिसल्याने झाकण पेचकसाने उचकटणारे पुष्कळ. आत पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या तळाशी पांढरी पूड होती, ओलाव्याने धातू खाल्ल्याची खूण, आणि भिंतींना रोगणाचा कडक थर. सुटे धातूचे भाग क्लीनरच्या डब्यात बुडवले, नंतर गरम पाण्याने धुऊन प्रत्येक वाटेतून दाबाची हवा सोडली. एका भोकात फुंकलेली हवा कोठून बाहेर येते हे पाहत गेले की कार्ब्युरेटरचा नकाशा आपोआप डोक्यात बसतो.

क्वाड्राजेटची खरी दुखरी जागा वाटीच्या तळाला असते. कारखान्यात पाडलेली भोके तेथे धातूच्या बुचांनी बंद केलेली असतात, आणि वर्षांनुवर्षांच्या तापण्या-निवण्याने ती बुचे पाझरू लागतात. गाडी रात्रभर उभी राहिली की वाटीतले पेट्रोल गुपचूप मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेत, उतरते; सकाळी इंजिन आधी कोरडे आणि मग एकदम तुंबलेले. परीक्षा सोपी आहे: वाटीत थोडे पेट्रोल भरून ती पांढऱ्या कागदावर ठेवायची. सकाळी कागदावर दोन डाग होते. बुचांभोवतीची जागा खरवडून पेट्रोलला टिकणारे दोन भागांचे इपॉक्सी लावले, पूर्ण वाळू दिले आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली तेव्हा कागद कोरडा राहिला.

पुढच्या तोंडांतल्या, पायाने उघडणाऱ्या झडपेचा दांडा त्याच्या भोकात डुगडुगत होता. त्या फटीतून जादा हवा शिरते आणि मग स्क्रू कितीही फिरवले तरी इंजिन मंद गतीला स्थिर राहत नाही. यासाठी पितळी बुशांचा संच मिळतो. भोक रीमरने सरळ मोठे करून बुश दाबायचे. झडपेच्या चकत्यांचे स्क्रू मागून फुलवलेले असतात, ते आधी घासून घ्यावे लागतात आणि परत बसवताना पुन्हा पक्के करावे लागतात, कारण सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. काळ्या फेसाची जुनी तरंगी वजनकाट्यावर नव्यापेक्षा जड भरली. ती पेट्रोल पिऊन जड होते, खाली बसते आणि वाटी ओसंडते. ती बदलली. पाय दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या त्वरणपंपाची वाटी इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची घातली. तरंगीची उंची, सुईची बैठक आणि हवेच्या झडपेच्या स्प्रिंगचा ताण संचाबरोबर आलेल्या तक्त्यावरून, आपल्याच कार्ब्युरेटरच्या क्रमांकापुढचे आकडे पाहून लावले. हा स्प्रिंग सैल राहिला की पाय दाबताच गाडी क्षणभर मान टाकते, आणि दोष मात्र सगळ्या कार्ब्युरेटरला लागतो. मॅनिफोल्डवर बसवताना पुढचे दोन लांब बोल्ट बेताने आवळले; ताकद लावली की ओतीव भाग वाकतो आणि झाकण कधीच नीट बसत नाही.

इंजिन सुरू करण्यापूर्वी टाकीत फक्त दोन गॅलन ताजे पेट्रोल घातले आणि कार्ब्युरेटरची वाटी वरच्या श्वासनळीतून छोट्या बाटलीने भरली, म्हणजे पंपाला पेट्रोल ओढेपर्यंत स्टार्टर दमवावा लागत नाही. शेजारचे गृहस्थ अग्निशामक घेऊन उभे होते. पंपाची पुढची नळी आधी कार्ब्युरेटरऐवजी बरणीत सोडून पाहिली: अर्ध्या मिनिटात पिंटभर, म्हणजे सुमारे अर्धा लिटर, पेट्रोल आले, स्वच्छ. मग नळी जोडली, प्रत्येक सांध्याखाली पांढरा कागद धरून पाहिला आणि किल्ली फिरवली. इंजिन लागले, खोकले, धुराचा लोट सोडला आणि चोकवर वेगाने फिरत राहिले. तापल्यावर इंजिनाची हवेची ओढ मोजणारे व्हॅक्युम गेज लावून मिश्रणाचे दोन्ही स्क्रू काटा सर्वांत वर जाईल तेथे ठेवले. तेवढ्यात पंपाजवळच्या रबरी नळीची एक क्लिप ओली दिसली. इंजिन बंद करून ती बदलली.

काही प्रश्न गाडी रस्त्यावर आल्यावरच कळले. ऑगस्टमध्ये येथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते. १९९५ पासून चालत आलेल्या या मेळाव्यात जुन्या गाड्यांची मैलोन्‌मैल रांग लागते आणि ती मुंगीच्या पावलाने सरकते. तेथे गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला गेले की स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागे आणि पेट्रोलचा उग्र वास येई. आजचे पेट्रोल त्या काळच्या पेट्रोलपेक्षा लवकर उकळते, आणि या इंजिनात कार्ब्युरेटरच्या खालून गरम धुराचा मार्ग जातो. इंजिन बंद झाले की हवेचा प्रवाह थांबतो आणि वाटीतले पेट्रोल उकळून तोंडांत सांडते. कंपनीलाही ही अडचण ठाऊक होती, म्हणून काही गाड्यांना टाकीकडे परतीची दुसरी नळी दिलेली असे. माझ्या गाडीला ती नव्हती आणि अस्सलपणासाठी मी ती घातली नाही. कार्ब्युरेटरखाली जाड, उष्णतारोधक गॅसकेट बसवले आणि पेट्रोलची नळी थर्मोस्टॅटच्या घरापासून बोटभर दूर वळवली. त्रास बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. तापलेले इंजिन सुरू करताना पाय अर्धा दाबून ठेवला की ते लागते.

पेट्रोलचा प्रश्न मात्र तडजोडीवर सुटतो. इथेनॉल नसलेले पेट्रोल येथे काही पंपांवर मिळते, पण त्याचा ऑक्टेन ९० असतो आणि एवढ्या संपीडनाच्या इंजिनात चढावर त्याने खडखड होते. ९३ ऑक्टेनचे प्रीमियम घ्यावे तर त्यात इथेनॉल. उन्हाळ्यात गाडी चालते तेव्हा मी प्रीमियम भरते, कारण पेट्रोल आठवड्याभरात जळून जाते आणि नव्या नळ्यांना इथेनॉलचे भय नाही. ऑक्टोबरच्या शेवटी, गाडी झोपवण्याआधी, टाकी जवळजवळ संपवून ती बिनइथेनॉलच्या पेट्रोलने काठोकाठ भरते आणि त्यात स्टॅबिलायझर घालते. भरलेल्या टाकीत ओलावा धरायला हवाच उरत नाही. बैठकांना झिजेपासून वाचवणारे शिसे आता पेट्रोलमध्ये नसल्याने इंजिनातल्या झडपांच्या बैठका झिजतील अशी भीती घालणारे लोक आहेत. वर्षातून काही शे मैल बेताने चालणाऱ्या गाडीत त्याची चिंता मी करत नाही.

बाबांचा पहिला प्रश्न अर्थातच, "ॲव्हरेज किती देते?" असा होता. गॅलनला अकरा मैल, म्हणजे लिटरला पाच किलोमीटरही पुरते नाहीत, असे सांगितल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

पहिल्या हिवाळ्यानंतर एप्रिलमध्ये कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेला छोटा फिल्टर काढून पांढऱ्या फडक्यावर झटकला, तेव्हा काही पडले नाही. वाटीतले पेट्रोल हिवाळ्यात उडून जातेच, ती पुन्हा बाटलीने भरावी लागली. इंधनमापकाचा काटा मात्र टाकी पूर्ण भरलेली असताना अजूनही पूर्णच्या खुणेच्या किंचित अलीकडे थांबतो. तरंगीचा हात थोडा वाकवायला हवा, आणि त्यासाठी टाकी पुन्हा उतरवण्याचा माझा विचार नाही.